डोळ्याखालची शाई

लग्नाची पत्रिका छापायला आलेल्या माणसाला कुठल्याही छापखान्यात पहिल्यांदा विचारतात, कार्ड कोणतं दाखवू. सौसरच्या आमच्या छापखान्यात सिस्टरबाई विचारायच्या, "पोरगी कुठाय?"

माणूस गोंधळायचा. "पोरगी घरी हाये. मी पत्रिका छापाले आलो."

"ते समजलं मले. पोरीले घेऊन ये. मार्कशीटसंगं."

"पण बाई, पत्रिकेवर पोरगी थोडीच छापाची हाये?"

"मंग लग्न कोणाचं हाये, तुहं?"

इथपर्यंत आलं की माणूस एकतर हसायचा, नाहीतर उठून समोर जायचा. समोर दुसरा छापखाना होता आणि तो आमच्या जिवावर बरा चालायचा.

सिस्टरबाईंचं आडनाव मेश्राम. सारी नोकरी त्यांनी सरकारी दवाखान्यांच्या बाळंतपणाच्या वॉर्डात काढली, थोडी पांढुर्ण्याकडं, बरीच सौसरच्या आसपास. छापखाना नवऱ्याचा. त्या रिटायर झाल्या त्याच साली नवरा गेला, आणि लेक नागपूरला नोकरीत, म्हणून बाई त्याच्या खुर्चीत येऊन बसल्या. खुर्ची बदलली, नोकरी बदलली असं मात्र त्यांना शेवटपर्यंत वाटलं नाही. गल्ल्याशेजारी बुद्धाची छोटी मूर्ती, तिच्यामागं बी.पी.चं मशीन, आणि मशीनमागं बिलबुक. गिऱ्हाईक बिल मागायचं आणि बाई सवयीनं त्याचा दंड मागायच्या.

मी त्यांचा ऑपरेटर. पांढुर्ण्याच्या कॉम्प्युटर क्लासचं सर्टिफिकेट घेऊन रोज बसनं सौसरला यायचो. त्या सर्टिफिकेटवर माझं नाव चुकीचं छापलेलं होतं, ते मी नोकरी लागल्यावर पाहिलं. यावरून माझ्या कामाची कल्पना यावी. बाई खूश असल्या की मला विलास म्हणत, एरवी विल्या, आणि काही मोठं घडलं असलं की ऑपरेटर साहेब. बसस्टँडवर उतरून आत यायचो तेव्हा "या ऑपरेटर साहेब" ऐकू आलं की परतीची बस किती वाजता आहे ते मी मनातल्या मनात आठवून ठेवायचो.

तर पोरगी यायची. आधी मार्कशीट. आधार कार्ड बाईंना चालायचं नाही. "आधारवर माही सासू एक जानेवारीची, तुहा आजा एक जानेवारीचा, अन् ह्या विल्याचा बाप बी एक जानेवारीचा. साऱ्या मुलखाले त्याच दिवशी कळा आल्या काय?" मार्कशीटवरची जन्मतारीख पाहून झाली की चष्मा कपाळावर जायचा. "वर पाह्य." पोरगी वर पाहायची. वर आमचा पंखा होता आणि त्यावरची जळमटं. तोवर बाईंनी अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढलेली असायची. आत लालबुंद दिसलं तर कार्डांचा अल्बम पुढं सरकायचा. फिकं दिसलं तर हाक यायची, "विलास, अल्बम ठेव. फुटाणे काढ."

छपाईचे शिशाचे खिळे जुळवायच्या काळातली एक लाकडी पेटी दुकानात उरली होती, अक्षरागणिक खाना असलेली. खिळे केव्हाच भंगारात गेले होते. आता 'क'च्या खान्यात फुटाणे असत, 'ग'च्या खान्यात गूळ. फुटाणे न्यायानं 'फ'च्या खान्यात हवे होते, पण तो खाना लहान. मराठीला 'फ' फारसा लागत नाही, आणि आमच्याकडच्या पोरींना फुटाणे फार लागत. पोरगी मूठभर फुटाणे खायची, बाई तिला रक्तवाढीच्या गोळ्या कुठं फुकट मिळतात ते सांगायच्या, कशासोबत घ्यायच्या, चहासोबत का नाही. पोरगी घरी जायची तेव्हा तिच्या डोळ्याखाली बाईंच्या अंगठ्याची काळी शाई लागलेली असायची. स्क्रीन प्रिंटिंगची शाई, साबणानं जात नाही. बाजारातल्या बाया डोळ्याखालचा डाग पाहून ओळखायच्या: हिचं जमलं वाटते.

एकदा एक किराणा व्यापारी आला. पोरगी बी.कॉम. झालेली, अठरा कधीच मागं टाकलेली. मार्कशीट चोख. तरी बाईंनी पापणी ओढली आणि अल्बम बंद केला.

"आता काय झालं?" व्यापारी चिडला. "कायद्यानं पोरगी बसते ना?"

"कायद्यानं बसते. जिना चढते का विचारा."

"सिस्टरबाई, हे पोरीचं लग्न हाये का पोलीस भरती?"

"भरतीत तरी रक्त तपासतात, शेठ. लग्नात कोण तपासते?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "हे पाहा, कायद्याले वय मोजता येते. रक्त नाई येत. अठरा पुरे झाले का रात्रीतून रक्त वाढते असं त्यायले वाटते."

शेठ पोरीला घेऊन पॅथॉलॉजीत गेला, रिपोर्ट घेऊन आला, आणि रिपोर्ट पाहून त्याचाच चेहरा पांढरा झाला. पत्रिका आम्हीच छापल्या, लग्नही तिथीवर झालं. पण तोवर त्या पोरीनं गूळ-फुटाणे आणि गोळ्या शिस्तीत खाल्ल्या. त्या पत्रिकेत मी काय केलं ते पुढं सांगतो.

दरवर्षी अक्षय तृतीयेच्या आधी तहसीलकडून छापखानेवाले, मांडववाले, बँडवाले, हलवाई, सगळ्यांना एक कागद यायचा. पोरगी अठराच्या आत, पोरगा एकवीसच्या आत असेल तर तुम्ही काम घेऊ नका. घेतलं तर तुम्हीही धरले जाल. छापखान्यानं पत्रिकेखाली लिहायचं की वर-वधू सज्ञान असल्याची खात्री केली आहे. एका वर्षी हे तपासायला एक तरुण मॅडम जीपनं आल्या. रजिस्टर मागितलं, शिक्के पाहिले, आवाज एकदम कडक. बाईंनी सगळं दाखवलं. मग चष्मा कपाळावर गेला. मी पुढं धावलो, "बाई, त्या तपासाले आल्या," पण तोवर "वर पाहा मॅडम" झालं होतं, आणि त्या बिचाऱ्या सवयीनं वर पाहत होत्या. उन्हात गावोगाव फिरून दमलेला जीव.

"जेवता का येळेवर?"

"टाइम कहाँ मिलता है, सिस्टर," मॅडम एकदम माहेरच्या सुरात बोलल्या.

मॅडम गेल्या तेव्हा त्यांच्या एका हातात रजिस्टरची नक्कल होती, दुसऱ्या हातात पुडीत फुटाणे. जीप वळल्यावर बाई म्हणाल्या, "पाह्य विलास, कायद्यालेच रक्त कमी हाये."

पण कायद्याची टिंगल मी केलेली त्यांना चालायची नाही. एकदा मी त्या कागदाला 'सरकारी पत्रिका' म्हटलं तर त्यांनी मशीन थांबवायला लावलं. "हसू नको. हा कागद यायच्या आधी माह्या वॉर्डात ज्या पोरी यायच्या त्या तू पाहिल्या नाई. बाहुली खेळाच्या वयाच्या." आणि मशीन पुन्हा सुरू करायच्या आधी म्हणाल्या, "पण एक गोष्ट कागदवाल्यायले समजली नाई. अठराच्या आतली बाळंतीण आली तं दवाखान्यानं पोलिसाले कळवाचं. बरोबर हाये. म्या सोता कळवलं. पण लग्न बंद नाई झाले ना. दवाखान्यात येनं बंद झालं. घरीच ठेवतात. एक पोरगी होती..." आणि पुढं त्या बोलल्या नाहीत. ती पोरगी कोणती, तिचं काय झालं, हे मी कधी पूर्ण ऐकलं नाही. एवढंच ठाऊक आहे की ती गोष्ट आठवली की बाई अंगठा पदराला पुसायच्या.

आता माझ्या कामाबद्दल. पत्रिका नव्यानं कोणी जुळवत नाही. जुनी फाइल उघडायची, नावं बदलायची, तारीख बदलायची, स्थळ बदलायचं. सगळे असंच करतात. फक्त बाकीचे सगळं बदलतात आणि मी एखादी गोष्ट तशीच ठेवतो. त्या किराणा शेठच्या पत्रिकेत आधीच्या कोण्या गुरुजींच्या पत्रिकेतली 'आपली उपस्थिती हाच आहेर' ही ओळ राहून गेली. लोकांनी ती मनापासून पाळली. शेठ पोरीच्या पाठवणीला रडला, पण कशासाठी ते सगळ्या सौसरला माहीत होतं. लोधीखेड्याच्या एका लग्नात मी स्थळ बोरगावचंच ठेवलं. अर्धे पाहुणे बोरगावला गेले, तिथं त्या दिवशी खरंच कोणाचं तरी लग्न होतं, ते जेवून, आहेर देऊन परत आले. बौद्धांच्या एका मंगल परिणयाच्या पत्रिकेवर गणपती बसला आणि त्याच आठवड्यात एका शुभविवाहावर बुद्ध. "दोघं बी शांत हायेत म्हणून तू वाचला," बाई म्हणाल्या. आणि तेरवीच्या कार्डाची काळी चौकट मी ज्याच्या लग्नाला लावली, तो नवरदेव मला अजून रस्त्यात भेटला की स्कूटर हळू करतो.

अशी चूक झाली की बाईंचा एकच इलाज. दुरुस्तीची चिट्टी. चिमूटभर कागदावर बरोबर मजकूर छापायचा आणि चुकीच्या जागी चिकटवायचा. या कामासाठी गोंदाची बाटली माझ्या टेबलावर कायम उघडी असायची. पांढुर्ण्यापासून रामाकोन्यापर्यंत माझं नाव ठाऊक नसलेले लोकही मला ओळखत: "थो चिट्टीवाला."

एके दिवशी बाई पांढुर्ण्याला एका नातेवाइकाच्या कार्यक्रमाला गेल्या. दुकानात मी एकटा. लोधीखेड्याचे गुलाबराव आले. मालवाहू टेम्पो चालवायचे. मिशी अशी की समोर बसलं तर आपण कमी पगाराचे वाटायला लागतो.

"पायलचं लग्न जमलं. नवरदेव सावनेरकडचा. अक्षय तृतीयेले हाये."

"मार्कशीट?"

"घरी राहिली. हे पाह्य आधार." मोबाइलमध्ये फोटो दाखवला. एक जानेवारी.

मला संशय आला नव्हता असं मी म्हणणार नाही. पण गुलाबराव म्हणाले, "तुह्यासारखा शिकलेला माणूस हाये म्हणून मी समोर गेलो नाई," आणि मी अल्बम पुढं केला. मला शिकलेला म्हणणारे लोक आयुष्यात फार कमी भेटले. सांगितलेली तारीख नीट टाकली, नावं नीट टाकली, स्थळ दोनदा तपासलं. पत्रिका घेऊन गुलाबराव गेले आणि मी नमुन्याची एक प्रत तारेवर अडकवली. इतकी निर्दोष पत्रिका माझ्या हातून पहिल्यांदाच निघाली होती.

चार-सहा दिवसांनी बाईंची नजर तारेवर गेली.

"या ऑपरेटर साहेब. ही पोरगी पाहिली?"

"फोटो पाहिला बाई."

"फोटोची पापणी ओढून पाहिली काय?" त्यांनी पत्रिका काढून हातात घेतली. "पायल गुलाबराव. लोधीखेड्याची. ही पोट्टी माह्या हातची हाये. हिच्या येळेस माही लेक बारावीत होती. हिले अजून अठरा कुठं पुरे झाले? पुढच्या थंडीत होतीन." मग चष्मा खाली करून त्यांनी पत्रिकेची अगदी खालची बारीक ओळ वाचली. "वर-वधू सज्ञान असल्याची खात्री केली आहे. कोणं केली?"

"ते तं... फाइलमध्येच असते बाई."

बाई रागावल्या नाहीत, म्हणून मी जास्त घाबरलो. म्हटलं, आता पोलिसांना फोन करतील, आधी मीच आत जाईन.

"फोन करू काय बाई? चाइल्डलाइनले?"

"फोन माह्या पिशवीत हाये. करीनच, लागला तं. पण ऐक. फोन केला का मांडव मोडते. मंग हे पोरीले राज्याच्या नाक्याच्या पल्याड नेतीन, कोण्या देवळात उरकून टाकतीन. पत्रिका नाई, बँड नाई, कोणाले पत्ता नाई. अन् मंग तिले दिवस गेले तं? इथं दवाखान्यात आणतीन? घरीच ठेवतीन." अंगठा पदराला पुसला. "चाल. दुकानाची स्कूटर काढ."

लोधीखेड्याला पायल दारातच भेटली. अकरावीत शिकणारी, बारीक, हसरी. "वर पाह्य." पोरीनं वर पाहिलं. मी बाईंच्या खांद्यावरून पाहिलं आणि मलाही कळलं. पापणीच्या आत कागद होता, छापायच्या आधीचा.

"दम लागते काय?"

"शायेत प्रार्थनेले उभी राहिली का चक्कर येते. मंग मॅडम बसवून ठेवतात."

"अन् लग्न कराचं हाये का तुले?"

पायलनं आत बापाकडं पाहिलं, मग हळूच म्हणाली, "करण चांगला हाये. पण आत्ता नाई ना बाई. बारावी तं होऊ द्या. आत्ता तं पाण्याची गुंडी उचलली का डोयापुढं अंधारी येते."

आत बाईंनी गुलाबरावांना वॉर्डातल्या आवाजात सगळं सांगितलं. कायदा सांगितला, आणि कायद्यानं जे सांगितलेलं नाही तेही. गुलाबराव ऐकत राहिले. मिशी खाली आल्यावर माणूस किती साधा दिसतो.

"चूक झाली बाई. पण पत्रिका वाटल्या. गावभर. आता थांबवलं तं लोक म्हणतीन पोरीतच काही खोट हाये. नवरदेवानं सोडली म्हणतीन. तिचं नाव खराब होईन. पुढं कोण करन तिले?" त्यांनी पत्रिकांचं रिकामं खोकं पुढं केलं. "कोणत्या तोंडानं सांगू मी लोकायले?"

बाईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. नमुना तारेवर अडकवण्यापूर्वी त्या असंच पाहायच्या.

"ह्याच्या," म्हणाल्या.

मला समजलं नाही. गुलाबरावांनाही नाही.

"ह्याच्या तोंडानं सांग. पत्रिकेत साल चुकलं. लग्न पुढच्या सालचंच होतं. ह्यानं जुनी फाइल उघडली अन् यंदाचं साल तसंच राहिलं. सोयऱ्यायले खरं सांग. गावाले विल्या सांग."

"लोक मानतीन काय?"

उत्तर गुलाबरावांनीच स्वतःला दिलं. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो विश्वास उमटला तो माझ्या वाट्याला त्यापूर्वी कधी आला नव्हता. "हाव," ते म्हणाले. "ह्याचं मानतीन."

"पण बाई, तिथी जुळनार नाई," मी क्षीणपणे म्हटलं. "अक्षय तृतीया पुढच्या सालात वेगळ्या तारखेले..."

"तारीख बी चुकली. लोक पंचांग नाई पाहत, तुहं काम पाहतात."

तिथून तसेच सावनेरकडं. नाका ओलांडला की राज्य बदलतं, रस्ता जरा बरा होतो, माणसं तीच. करणची माय ओसरीत लसूण सोलत होती. "आमच्याकडं कोणी विचारत नाई," ती म्हणाली. "तुमच्या राज्याचे कागद तुमच्या राज्यात ठेवा ना."

"कायदा इकडं बी तोच हाये माय. पण ते सोड." बाई तिच्या शेजारी खाली बसल्या आणि लसूण सोलायला लागल्या. "पोरीचं रक्त पाहून आली मी. समजा लग्न झालं, अन् दोन-चार महिन्यांत दिवस गेले. कोणत्या दवाखान्यात नेशीन? वय विचारतीन. विचाराच लागते, मी बी विचारत होती. मंग कळवाच लागते. तुहा पोरगा आत जाईन. अन् तो आत जाऊ नये म्हणून तू तिले घरीच ठेवली..." बाईंनी हातातली पाकळी सोलून ठेवली. दुसरी उचलली. "तुह्या येळेस कोण होतं संगं?"

करणच्या मायनं लसणाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "माही जाऊ होती. आदल्या साली तिचंच बाळंतपण घरी झालं, मरता मरता वाचली; म्या पाहिलं होतं." आणि उठून चहा ठेवायला गेली. चहात साखर फार होती. त्यावरून मला कळलं की जमलं.

पुढचा आठवडा मी आयुष्यात विसरणार नाही. चिट्ट्या छापल्या: 'मुद्रणदोषामुळे तारीख व साल चुकले असून लग्न पुढील साली अक्षय तृतीयेस आहे.' गोंदाची बाटली घेऊन मी लोधीखेड्यात घरोघर फिरलो. कोणीही, खरोखर एकाही माणसानं, शंका घेतली नाही. इतकी एकमुखी मान्यता मी कुठल्या गावात पाहिली नाही.

"पुऱ्या सालाची चूक!" एक आजी म्हणाली. "म्हंजे वर्षभर जेवाचं थांबू काय मी? माही गॅरंटी हाये काय?"

"चिट्टीवरचं तरी बरोबर हाये ना रे?" तिचा म्हातारा म्हणाला.

किराणा शेठलाही पत्रिका गेली होती. त्यानं पत्रिका पुढं केली, मी चिट्टी लावली, आणि तो थंडपणे म्हणाला, "आहेर आणाचा का नाई, तेवढं लेखी दे."

गुलाबराव चौकात उभे राहून माझ्या नावानं शंख करत होते. "लेकीच्या लग्नाचं वाटोयं केलं या पोट्ट्यानं! छापखान्यात बसवतात कायले असे लोक!" लोक त्यांची समजूत काढत होते. मी शेजारून खाली मान घालून गेलो. त्यांनी डोळा मारला. तो एवढ्या जोरात मारला की चौकातला पानवाला मला विचारायला लागला, गुलाबरावांच्या डोळ्याला काय झालं.

ते वर्ष पायल बाजाराच्या दिवशी छापखान्यात यायची. "वर पाह्य." गोळ्या घेतल्या का. "पोट साफ होत नाई बाई." "पेरू खा. गोळी बंद कराची नाई." महिन्यांमागून महिने त्या पापणीत रंग भरत गेला. आधी फिका गुलाबी, लाल शाईचा डबा संपत आल्यावर येतो तसा, मग चांगला दाट. तिचं बोलणंही वाढलं. पांढुर्णा जिल्हा झाला तेव्हा मी पेढा घेऊन आलो, तर पायल म्हणाली, "विलासभाऊ, आता तुमच्या चुका जिल्हा लेव्हलच्या होतीन." बाईंनी तिला तेवढ्यासाठी गुळाचा जास्तीचा खडा दिला.

बारावीची मार्कशीट घेऊन ती आली त्या दिवशी बाईंनी मार्कशीट पाहिली, पापणी ओढली, आणि अल्बम माझ्या हातातून घेऊन स्वतः उघडला. खालची बारीक ओळ त्यांनी मला टाइप करू दिली नाही; एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, त्यांनी ती नव्यानं लिहिली. पत्रिका गेल्यावर लोधीखेड्यातून फोन सुरू झाले. "यंदा खरंच हाये ना?" लग्नात ती आजी पहिल्या पंगतीला होती आणि जेवताना सगळ्यांना सांगत होती की तिनं वर्षभर वाट पाहिली.

त्यानंतर बाईंचे गुडघे गेले, मग हळूहळू बाकीचंही. लेकीनं त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं. छापखाना मी चालवायचा, असं बाईंनीच सांगितलं. समोरच्या छापखान्यानं ही बातमी ऐकून पेढे वाटले म्हणतात.

त्या निघायच्या दिवशी दारात गाडी उभी होती. बाई खुर्चीत बसून मला सूचना देत होत्या: आधार घ्यायचं नाही, पोरगी पाहिल्याशिवाय अल्बम नाही, आणि काळी चौकट कॉम्प्युटरमधून काढून टाक. तेवढ्यात पायल आली, सावनेरहून, कडेवर लेकरू. लग्नानंतर तिनं बरंच थांबून, बाईंना विचारून घेतलेलं लेकरू, आणि दवाखान्यात झालेलं. बारशाची पत्रिका छापायची होती, मजकूर तिनं फोनवर आधीच सांगितला होता. बोलता बोलता तिनं टेबलावरचा ताजा, ओल्या शाईचा नमुना उचलला, नाव बरोबर आहे का पाहायला. बरोबर होतं, तीही दचकली.

मग तिची नजर बाईंकडं गेली आणि तिचं हसणं थांबलं. लेकरू तिनं माझ्याकडं दिलं आणि ती खुर्चीपुढं वाकली.

"वर पाहा, बाई."

"अवं, माह्ये दिवस..."

"वर पाहा म्हनते ना."

बाईंनी वर पाहिलं. वर पंखा होता, आणि जळमटं तीच. पायलनं अंगठ्यानं त्यांची पापणी ओढली आणि बराच वेळ सोडली नाही.

"हे काय हाये? पांढरं फक्क. गोळ्या घेता?"

"गोळ्यायनं पोट साफ होत नाई," सिस्टरबाई म्हणाल्या. लहान पोरीसारख्या म्हणाल्या.

"पेरू खा. बंद कराची नाई." पायलनं 'क'च्या खान्यातून मूठ भरली आणि बाईंच्या हातात दिली. बाईंनी निमूटपणे एकेक फुटाणा तोंडात टाकायला सुरुवात केली. लेकीनं त्यांना धरून गाडीत बसवलं. काच खाली होती. बाई चावत होत्या आणि माझ्याकडं बघून मान हलवत होत्या, म्हणजे दुकान नीट पाह्य. आणि त्यांच्या उजव्या डोळ्याखाली ताज्या शाईचा काळा डाग होता.

त्यानंतर त्या परत आल्या नाहीत. नागपूरहून निरोप आला तेव्हा मी दुकानात एकटाच होतो.

त्या दिवशी गाडी निघाली तेव्हा डाग मला दिसला होता. पायलला दिसला नाही, लेकीला दिसला नाही. सांगायला वेळही होता, गाडी चौकात बराच वेळ अडकली होती. नजरेला आलेली चूक मी त्यांना नेहमी सांगत असे, चिट्टी तयार ठेवत असे. ती एक मी तशीच जाऊ दिली.